सासऱ्यांसमोरची खुर्ची

गावच्या ग्रामसभेला मी सहज जाऊन बसलो होतो. नव्या सरपंच सुनंदावहिनी खुर्चीवर बसून शेवंताकाकूंच्या प्रश्नावर पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होत्या. तेवढ्यात त्यांचे सासरे आबा दारात दिसले आणि वहिनी वाक्य अर्धवट टाकून उभ्या राहिल्या. आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसत नाही.

मला आधी रागच आला. गावाने मतं देऊन बसवलेली बाई एका माणसाच्या चाहुलीने उठते, मग सत्ता कुणाची म्हणायची? पण वहिनींचा कानकोंडा चेहरा पाहिला आणि राग विरला. मतांनी खुर्ची मिळते. तिच्यावर निवांत टेकायचा अधिकार मात्र समोरच्यांच्या नजरेतून यावा लागतो, आणि ती नजर काही कायद्याने बदलत नाही.

आबा चपला काढून आत आले. कुणीतरी पुढे केलेली खुर्ची त्यांनी बाजूला सारली आणि आमच्यातच सतरंजीवर मांडी घातली.

"बसा सरपंच," ते म्हणाले. "आमच्या आळीलाही पाणी येत नाही."

वहिनी क्षणभर घुटमळल्या, मग बसल्या.

"येते तुमच्या प्रश्नाकडे, आबा. आधी शेवंताकाकूंचं होऊ द्या."

आबांनी मान डोलावली आणि ते आपल्या पाळीची वाट पाहत राहिले.