काळे ठिपके आणि साडूभाऊ
अख्ख्या परळीनं काळजी करायचं काम माझ्या साडूभाऊंवर सोपवून दिलेलं आहे. कॉलेजात संगणक शिकवणारा हा माणूस गॅस बंद केला का ते पाहायला लग्नाच्या पंगतीतून उठून घरी जातो, आणि घरी पोचल्यावर चपला मांडवातच राहिल्या म्हणून पुन्हा काळजीत पडतो. त्यांच्या काळजीवर वीजकेंद्र चालवलं असतं तर कोळशाची गाडी परळीला आलीच नसती.

अशा माणसानं कर्करोगाच्या संशोधकांसाठी सॉफ्टवेअर लिहावं! गाठीचा तुकडा काचेवर घेऊन त्याचा फोटो काढतात. त्यातल्या पेशी मोजून द्यायचं काम यांच्या प्रोग्रॅमचं. तीन वर्षं खपले आणि फुकट वाटला. मी म्हणालो, "आता तरी निवांत झोपा."

"कावून झोपू? आता तर लोक वापरायलेत!"

वापरणारे सात जण. लेक सासरी दिल्यासारखे हे सातही जणांना फोन करायचे, "काही त्रास देत न्हाई ना?"

मग त्या सातांतल्याच, लांबच्या एका डॉक्टरबाईंचा ईमेल आला : तुमचा प्रोग्रॅम आमच्याकडच्या काळ्या पेशी मोजतच नाही. साडूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चूक सापडली. प्रोग्रॅम तयार करताना लॅबमधून मागून आणलेल्या काचांचे फोटो त्यांनी घरीच काढले होते. वीजकेंद्राची राख परळीत कशावर नसते? आम्ही खुर्चीसुद्धा हातानं झटकून बसतो, आणि झटकली हे आम्हाला कळतही नाही. तसंच यांनी प्रोग्रॅमला शिकवलेलं, काळा ठिपका दिसला की राख समज, सोडून दे. पण बाहेरगावी राख कुठली? तिथले काळे ठिपके म्हणजे दुप्पट व्हायला निघालेल्या पेशी. नेमक्या त्याच मोजायच्या होत्या.

"अवो, कुणाला कळतंय? गुपचूप दुरुस्त करा," मी म्हणालो.

"कुणाच्या तरी आईच्या गाठीचा तुकडा हाय तो," ते म्हणाले.

प्रोग्रॅम त्यांनी वेबसाइटवरून काढून घेतला. त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं : चूक माझी आहे, जुने आकडे वापरू नका. सातही जणांना कळवलं. सहा जणांची उत्तरं आली. सगळ्यांचं काम अजून तपासणीतच होतं, कुणाचं बिघडलं नव्हतं. सातवा एक विद्यार्थी. त्याचा फोन बंद, ईमेलला उत्तर नाही.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आता पुष्कळ जण वापरतात, वाखाणतात. गेल्या आठवड्यात गेलो, तर साडूभाऊ पुन्हा तोच नंबर लावत होते.

"नंबर बदलला असंल," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं पाहून हळूच, "जुन्याच आकड्यावर काही करत तर नसंल ना हो?"

जन्मभर थापा मारत आलो मी. त्या वेळी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि तोच नंबर पुन्हा लावला.