ईशाच्या जन्मदात्रीला भेटायला कळवणला

"आई, तू येणारेस की मी एकटी जाऊ?" अठरावा वाढदिवस झाल्यावर ईशाने विचारलं, आणि २००८च्या जानेवारीत आम्ही दोघी पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसलो.

ईशा तीन महिन्यांची असताना आम्ही तिला नाशिकच्या एका संस्थेतून दत्तक घेतलं. तुझ्या आईला सांभाळणं शक्य नव्हतं म्हणून तिने तुला दिलं, असं मी तिला लहानपणापासून सांगत आले. संस्थेतल्या ताईंनी जुना पत्ता शोधून पत्र धाडलं. उत्तर आलं ते ईशाच्या मामांचं. एकच शब्द: "या."

नाशिकला मुक्काम केला. सकाळी स्टँडजवळ काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली, वर पापड. जाणाऱ्यांनी चुकवू नये. ईशाने जास्तीचे पाव मागवले. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार होता. त्या बाईने पोर परत मागितली तर?

कळवणची गाडी सीबीएस या मध्यवर्ती स्टँडवरून मिळते. दिंडोरी, वणी करत अडीच तास लागतात. दिंडोरीच्या आसपास नुसत्या द्राक्षबागा, वणीनंतर डोंगर अगदी खिडकीशी येतात. ईशा सगळा वेळ बाहेर बघत होती.

मामा स्टँडवर घ्यायला आले होते. जीपने त्यांच्या मळ्यात पोचलो, तेव्हा त्यांची बहीण, सुमनबाई, कांद्याच्या लागवडीवरून येत होती. हात चिखलाने भरलेले.

"आक्का," मामा म्हणाले, "ही तुझी पोरगी."

"काय बोलतो तू? माझी पोरगी तर दवाखान्यातच गेली."

"नाय गेली. बानं तिला संस्थेत दिली व्हती. मरताना मला बोलला. तुला सांगायचा धीर नाय झाला."

इतकी वर्षं मी मनातल्या मनात या बाईला बोल लावत होते, पोटचं मूल देववलं तरी कसं! आणि तिला ते मूल जिवंत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

सुमनबाई रडल्या नाहीत. चिखलाच्या हातांनीच त्यांनी ईशाचा चेहरा धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमाला ठावं व्हतं?"

"नाही हो. शपथेवर सांगते."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी. निघताना "परत या" म्हणाल्या, तेही फक्त ईशाला.

पुण्यात आल्या आल्या ईशाने कपाटातून दत्तकाची फाइल काढली. देणाऱ्याच्या जागी फक्त आजोबांची सही होती. आईची जागा कोरी.

"तू हे तेव्हा पाहिलं होतंस?"

पाहिलं होतं. वाटलंही होतं, विचारावं. पण ईशा माझ्या कुशीत झोपली होती, आणि विचारलं तर तिला परत घेतील अशी भीती वाटली. मी कागद मिटून ठेवला होता.

"हो," मी म्हणाले.

तिने फाइल उचलली आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी तिने टेबलावर नाशिकची दोन तिकिटं ठेवली.

"दुसरं कोणाचं?"

"तुझं. हे त्यांना तू सांगायचंस."