मी न ठेवलेलं नाव

मोहोर गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या घरी येणाऱ्या नातवंडासाठी दुपट्याला टीप घालत बसले होते. फोन पोलादपूरहून, तिच्या यजमानांचा. "वहिनी, ती गेली... सकाळी चहा ठेवला नि तिथंच खाली बसली. मी पाणी आणेपर्यंत..." मला आधी रडू आलंच नाही. तिला एक गोष्ट सांगायची राहिली, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. आज दोन महिने झाले, अजून ते थांबलेलं नाही.

आम्ही दोघी पोलादपूरच्या एकाच शाळेत, एका बाकावर. तिच्या घरामागचं कलमाचं झाड कैक वर्षं नुसतं पानांनी वाढलेलं. ती पोटात असताना ते पहिल्यांदा मोहोरलं. तिच्या वडिलांनी तेव्हाच सांगून टाकलं, मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव मोहोर. पंचक्रोशीत त्या नावाचं दुसरं माणूस नव्हतं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुलांच्या यादीत घातलं. "मोहोर म्हणजे तो मोहोर, ती कशी?" म्हणाले, आणि वर्ग हसला. खेळताना ती पडली की पोरं ओरडायची, "मोहोर गळला, मोहोर गळला!" त्या हसण्यात मीही असायची. ती मात्र फ्रॉक झटकून उठायची आणि पुन्हा पळायला लागायची. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात 'सुनंदा' लिहिलं, तर हिने सगळ्यांदेखत बोटाने तांदूळ सारखे केले आणि स्वतःचं नाव लिहिलं. सासूबाई वर्षभर धड बोलल्या नाहीत.

पुढे ती नर्स झाली, मी प्राथमिक शिक्षिका. माझा निखिल झाला तेव्हा ती पोलादपूरच्याच सरकारी दवाखान्यात होती. रात्रीची ड्युटी संपली तरी ती घरी गेली नाही, माझ्या उशाशी थांबली. दुपारी बाळ झालं, तिनेच ते पुसून माझ्या कुशीत दिलं. त्याआधी तिची दोन बाळंतपणं अर्ध्यावर राहिली होती आणि डॉक्टरांनी आता आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत असूनही...

बाळाच्या तळव्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "शाले, एक मागू गो? याला माझं नाव ठेवशील?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "अगं, मुलगा आहे तो. जन्मभर चिडवतील त्याला. तुला काय कमी चिडवलंय?"

"ते पण खरंच," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पेज आणायला उठली. नंतर तिने तो विषय कधी काढला नाही. निखिलच्या बारशाला आली, पाळण्याची दोरी धरली, सगळ्यांच्या बरोबरीने गाणी म्हटली.

काही वर्षांनी तिची बदली घाटाकडच्या उपकेंद्रात झाली. बाळंतपणं करायला वाड्यावाड्यांतून पायी फिरायची. पुढे सहा-सात वर्षांनी माझ्या पहिलीच्या वर्गात वरच्या वाडीतला एक मुलगा आला, नाव मोहोर. मी दोनदा विचारलं. पुढच्या वर्षी एक मुलगी, मग एकाच वर्गात दोघं. हजेरी घेताना 'मोहोर मुलगा', 'मोहोर मुलगी' म्हणायची वेळ आली. ते नाव कुठून येतंय हे मला न सांगताच कळत होतं. एकदा तरी तिला म्हणायचं होतं, बाई गं, माझं चुकलं. पण दरवेळी दुसरंच बोलणं निघायचं. मुंबईला गेलेल्या माणसांबरोबर ते नाव तिकडेही गेलं असावं, कारण मागच्या दिवाळीत निखिल मोबाइलवर मुंबईतल्या कुठल्याशा बारशाचा फोटो दाखवत माझ्याजवळ आला. "आई, मुलगा असो, मुलगी असो, एकच नाव ठरवलंय. एकदम वेगळं. मोहोर." ती त्याच्यासाठी लहानपणापासून नुसती 'मावशी' होती, आणि त्या दुपारचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

थंडीत गुडघे शेकायला आम्ही दोघी महाडजवळच्या सव गावच्या गरम कुंडांवर जायचो. यंदाही गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो असताना तिने विचारलं, "सूनबाई कशी हाय? नाव ठरवलं काय पोरांनी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू, ठरेल."

"आपल्याला कोण इचारतो आता," ती हसली आणि गुडघ्यावर ओंजळीने पाणी घेत राहिली. बारशाला बोलावून तिला चकित करू, असं मी मनाशी म्हणत होते. खरं कारण वेगळं होतं. ते नाव घेतलं असतं तर दवाखान्यातली ती दुपारही उघडावी लागली असती.

दहाव्याला पोलादपूरला गेले. एमआयडीसीतल्या कंपनीच्या गणवेशात एक तरुण पुढे येऊन पाया पडला. माझ्या वर्गातला पहिला मोहोर. पाळी संपवून तसाच आला होता. म्हणाला, "आये अडली होती, नर्सबाई वाडीवर चालत आल्या म्हणून आमी दोघं जगलो. बापाने त्यांचंच नाव ठेवलं. तर बाईच नको म्हणत होत्या. म्हणाल्या, पोराला चिडवतील, माझ्या मैतरणीने पण नाय ठेवलं." ती मैत्रीण कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर आठवड्याभराने नात झाली. बारसं झालं, नाव ठरल्याप्रमाणे ठेवलं. मी तिला बाळ म्हणते, चिमणी म्हणते, सोनू म्हणते. परवा निखिल स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "आई, तू तिला नावाने हाक मारत नाहीस. तुला आवडलं नाही का?" मग मी त्याला सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत होता.

"सवला तुम्ही दोघीच होतात ना?" तो म्हणाला. "सांगायचंस गं तिला."

आतल्या खोलीत सूनबाई लेकीला खेळवत होती. "मोहोर... ए मोहोर, इकडे बघ ना..." मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. आत पाऊल टाकायला मला जरा वेळ लागला.