जिचं पोट तीच बोलेल

"फोन लाव," पारू म्हणाली.

"नाही लावत," मी म्हणाले.

"मग बूथ कशाला उघडलास गो?"

"बोलायला. पण जिचं दुखतंय तिनं बोलायला."

एव्हाना रिसीव्हरवर दोन हात होते, एक तिचा आणि एक माझा. केबिन एकट्या माणसासाठी केलेली, त्यात आम्ही दोघी म्हाताऱ्या. बाहेर, दाराच्या चौकटीला डोकं टेकून, पारूची सून मंदा उभी होती. दिवस भरत आलेले. पाय इतके सुजलेले, की नवऱ्याच्या चपला घालून आली होती, आणि त्याही तिला होत नव्हत्या. ठाण्याला नौपाड्यात बसणाऱ्या डॉक्टरबाईंची फोनची वेळ संपत आली होती.

हे भांडण इथंच सोडते आणि आधीचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी कजाग आहे. आहेच मी कजाग, पण उगीच नाही. असले किस्से एका दिवसात साठत नाहीत. माठाच्या बुडाशी गाळ बसतो तसे बसतात. वरचं पाणी पिताना कळत नाही, माठ रिकामा झाला की हात घालून बघा.

*

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले भिंतींवर. आधी निवडणुकीच्या भिंती, मग कुटुंबनियोजनाच्या. दोन मुलं पुरेत, अशा अर्थाचं एक वाक्य मी एकटीनं, कुणालाही न विचारता, पहिल्यांदा सबंध वाचलं. तोवर मला चार झाली होती!

नवरा गेल्यावर विधवा म्हणून मला फोनचा बूथ मंजूर झाला. कल्याणजवळच्या मोहन्यात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर. गल्लीत दुसरा फोन नव्हता. त्यामुळे कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोण वारलं, हे आधी मला कळायचं, मग घरच्यांना.

*

बूथ व्हायच्या आधी डॉक्टरबाई दर गुरुवारी स्वतः नौपाड्याहून यायच्या. बालवाडीत बसायच्या. पोटुश्या बायका ओळीनं भिंतीला टेकून. बाई वजन करायच्या, दंडाला पट्टा बांधून बीपी बघायच्या, पायावर बोट दाबून खड्डा पडतो का ते बघायच्या. आणि दर गुरुवारी तेच बजावायच्या: पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तर घरी बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तिथं बसणाऱ्या प्रत्येकीला ते पाठ झालं होतं. मलाही.

मग माझा फोन आला. पेढे वाटले. पहिला कॉल डॉक्टरबाईंच्याच हातानं लावला, त्यांच्याच दवाखान्यात. "लागला गं," एवढंच बोलल्या. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, आता रोज दुपारी एक ते दोन मी फोनपाशी बसेन. तुम्ही माझ्याकडे यायला नको, मी तुमच्याकडे यायला नको. केवढ्या टाळ्या पडल्या!

बाई शब्दाच्या पक्क्या. त्या परत आल्या नाहीत. वजनाचा काटा बालवाडीतच राहिला. पुढं त्यावर पोरांची सुकडी मोजायचे.

*

पहिल्याच आठवड्यात एक जावईबापू आले. बायकोला आठवा. सोबत त्यांचे वडील. बापू केबिनमध्ये, वडील बाहेर माझ्यापाशी.

पलीकडून बाईंनी विचारलं असणार, बाळ हालतंय का. बापू गडबडले. काचेतून वडिलांकडे बघून हातानं खूण केली, हालतंय का? वडिलांना वाटलं, फोन नीट लागला का म्हणून विचारतोय. त्यांनी जोरात मान हलवली. बापूंनी फोनमध्ये सांगितलं, हो, चांगलं हालतंय. बाई म्हणाल्या, मग काळजी नाही.

दोघं हसत बाहेर आले. मी विचारलं, "सून कुठंय?"

"घरी," वडील म्हणाले. "तिचं काय काम इथं?"

*

मग एक नणंद यायची. वहिनी नवी, लाजरी, म्हणून नणंदच वहिनी बनून बोलायची. कॉलेजातली पोरगी, बोलायला चुणचुणीत. बाईंना वाटायचं, हीच पेशंट.

एकदा बाई म्हणाल्या, बेंबीच्या खाली हात ठेव, हळूच दाब आणि सांग कुठं दुखतं. पोरगी केबिनमध्ये उभी राहून स्वतःचं पोट चाचपडायला लागली. वर, खाली, दोन्ही कुशींना. मी काचेतून बघतेय. अगदी मन लावून दाबलं तिनं. आणि अगदी खरं सांगितलं:

"नाही डॉक्टर, कुठंच दुखत नाही."

*

आता आप्पांचं. आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त हेडक्लार्क, सुशिक्षित माणूस, सुनेची फार काळजी. पण फोन म्हटला की त्यांना वाटायचं, ठाणं लांब आहे, तेवढ्या जोरात बोलायला पाहिजे. केबिनचं दार लावलं तरी आवाज नाक्यापर्यंत जायचा. सुनेला अंगावरून जातंय, त्याचा रंग कसा, वास कसा, सगळं त्यांनी बायकोकडून नीट विचारून आणलेलं, आणि सगळं ओरडून सांगितलं. वाण्याच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. दळण घेऊन निघालेल्या बायका थांबल्या.

सून त्यानंतर गल्लीत दिसेनाशी झाली. पाण्यालासुद्धा सासू यायची. आप्पा मला सांगायचे, आता बरी आहे, काही तक्रारच करत नाही.

तक्रार कशी करेल? सांगितलं की दुपारी नाक्यावर. तिनं घरात कुणाला काही सांगायचंच सोडून दिलं. सातव्या महिन्यात मूल गेलं.

आप्पा बाईंना कळवायला आले. त्या दिवशी मात्र इतकं हळू बोलले, की मला काचेबाहेर एक शब्द ऐकू आला नाही.

*

आणखी एक झालं. पूर्वी बाईचं दुखायला लागलं की घरचे म्हणायचे, उद्या नेऊ. उद्याला लाज वाटून परवा तरी न्यायचे. आता म्हणायला लागले, "फोनवर विचारलंय." एवढं म्हटलं की झालं. रिक्षा नको, कामावर खाडा नको, बाईला घराबाहेर काढायला नको.

पलीकडे बाईही बदलत गेल्या. एक ते दोनचं दीड ते दोन झालं. मग बाई कामात असल्या की रिसेप्शनिस्ट फोन घ्यायला लागली. बिचारीचं उत्तर ठरलेलं: डाव्या कुशीवर झोपवा, मीठ कमी करा, पाणी भरपूर द्या. पुढं पुढं गल्लीला ते तोंडपाठ झालं. एकदा एक गृहस्थ आले आणि मला म्हणाले, मावशी, फोन राहू द्या, तुम्हीच सांगा ना, तुम्हाला माहीतच आहे काय सांगतात ते.

मी त्यांना डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं.

*

आप्पांच्या सुनेचं झाल्यावर मी उठले आणि नौपाड्याला गेले. नंबर लावून बसले. बाई खुर्चीतून उठून आल्या, पाणी दिलं. वाईट बाई नव्हती ती. बाहेर एवढ्या पेशंट बसलेल्या, की खिडकीच्या कट्ट्यावरही जागा नव्हती.

मी म्हटलं, तुमच्या फोननं आमच्या बायका मरतील.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, मला फोनवर पाय दिसत नाहीत. जे सांगतात तेवढंच मला कळतं."

"मग गुरुवारी या."

"गुरुवारी आता माझी ऑपरेशनं असतात."

मग बाईच म्हणाल्या, तुम्ही एक करा, बायकांना स्वतःला बोलू द्या.

घरी येताच पेंटरला बोलावलं. काचेवर लिही म्हटलं: जिचं पोट तीच बोलेल. तो ब्रश धरून उभा. "मावशी, हे असं उघडं लिहू? गर्भवती लिहितो की."

"गर्भवती कुणाच्या घरी म्हणतात रे? पोट लिही."

त्यानं लिहिलं. पण लाजून इतक्या खाली लिहिलं, की वाचायला बसावं लागायचं.

*

काचेवर ते लिहिलं तशी गिऱ्हाइकं तुटली. पुरुष लांबच्या बूथवर जायला लागले. तरी एक दिवस एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव शोभा. मी सासूला बाहेर बसवलं, पोरीच्या कानाला रिसीव्हर लावला, दार बंद केलं. वाटलं, जिंकलो!

आत बघते तर पोरगी बोलतच नव्हती. पलीकडून बाई विचारत होत्या आणि ही मान हलवत होती. हो म्हणून वरखाली, नाही म्हणून आडवी. एका प्रश्नाला तर तिनं थोडा वेळ विचार केला, आणि मग बोटानं कंबर दाखवली. टेलिफोनला. जन्मात कुणी तिला एवढं विचारलं नव्हतं. उत्तर द्यायचं म्हणजे आवाज काढायचा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पलीकडे बाईंनी हॅलो हॅलो करून फोन ठेवला. शोभा बाहेर आली. डोळे भरलेले, पण चेहरा मोकळा झालेला.

"मावशी," ती म्हणाली, "मी सगळं सांगितलं."

*

तर ते भांडण.

पारू नदीकडच्या कोळ्यांतली. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सगळं मोहने पायाखाली घालणारी. आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिची एकुलती लेक बाळंतपणाला दवाखान्यात गेली, ती चादरीतून परत आली. त्या दिवसापासून दवाखान्याचं नाव काढलं की पारू उठून जायची.

त्या दिवशी सकाळी मंदा नळावर भेटली होती. हंडा न भरताच कपाळ धरून खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली. मी पायावर बोट दाबून बघितलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. बाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टींतल्या दोन माझ्यासमोर होत्या. तिसरी विचारणार, तेवढ्यात पारू आली आणि मंदाचं तोंड मिटलं. घरच्या थोरल्यांपुढं ती पोर बोलत नसे.

मी पारूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कल्याणच्या दवाखान्यात ने. ती म्हणाली, डॉक्टरीण फोनवर नेयाला सांगंल तर नेईन. आता पारू फोनवर काय सांगणार ते मला पाठ होतं. पाय जरा सुजलेत, बाकी बरं हाय. आणि त्यावर काय उत्तर येणार तेही पाठ होतं. डाव्या कुशीवर झोपवा.

डोळ्यांचं तेवढं मंदाच सांगू शकत होती. दुसऱ्या कुणाला ते बाहेरून दिसत नाही. म्हणून मी रिसीव्हर सोडत नव्हते.

"तिला बोलू दे," मी म्हणाले.

"ती नाय बोलनार. आमच्यात बोलत नाय."

"तुमच्यात मरतात का मग?"

हे मी बोलले. पारूनं माझ्याकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "दवाखाना मानसाला ठेवून घेतो, सुभद्रे. फोन ठेवून घेत नाय. म्हनून मी फोन करते."

"तुझी लेक दवाखान्यानं नाही घालवली. तू उशिरा नेलीस."

"आनि डॉक्टरीण गुरवारी यायची, ती कुनाचा फोन आला म्हनून बंद झाली?"

मी आवाज चढवला. तिनंही चढवला. बाहेर माणसं जमली. ती रिसीव्हर ओढतेय, मी ओढतेय, वायर ताणलेली, आणि आत तो फोन एकसारखा गुणगुणतोय. नंबर अजून कुणी फिरवलाच नव्हता. ती माझ्या काचेवरच्या अक्षरांना शिव्या देत होती, मी तिच्या जातीतल्या सगळ्या सासवांना.

मंदा चौकटीपासून सुटी झाली आणि आत आली. सासूला ओलांडून, मला ओलांडून. पहिल्यांदाच. एक हात पुढं केलेला. तो हात आधी काचेला लागला, मग मीटरवरून फिरला, मग माझ्या खांद्यावर येऊन थांबला.

"द्या मावशी, मी बोलते," ती म्हणाली. "पण फोन कुठं आहे? मला दिसत नाही."