पार्लमेंटाने पचवलेले उत्तर

बेचाळीसच्या चळवळीत माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी नेले. आरोप नाही, खटला नाही, नुसती स्थानबद्धता. पुढल्या वर्षी पुणतांब्यास देवळाच्या ओट्यावर मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचून दाखवीत होतो. विलायतेच्या पार्लमेंटात एका सभासदाने विचारले होते, की हिंदुस्थानातील स्थानबद्धांची चौकशी केव्हा होणार? ते ऐकताच आई पदर सावरून पुढे सरकली.

मंत्र्याचे उत्तर एवढेच होते, की हा विषय प्रांतिक सरकारांचा आहे. सभेने लगेच पुढचा प्रश्न घेतला.

"मंग गुरुजी, त्यानं परत इचारलं न्हाई व्हय?" समोर बसलेल्या शेतकऱ्याने विचारले.

"नाही."

"आन् बाकीचे?"

"तेही गप्प."

"आमच्या चावडीवर पाटलाला बी कुनी असं सुटू देत न्हाई!"

सगळे हसले. मला मात्र संताप आवरेना. आमच्या पाठशाळेत शास्त्रार्थ चाले, तेव्हा विचारलेले सोडून जो भलतेच बोले, त्याचा पराभव आचार्य तेथल्या तेथे जाहीर करीत. आणि राज्यकर्त्यांना जाब विचारणे हेच जिचे आद्य कर्तव्य, त्या सभेने हे उत्तर निमूटपणे पचवले! आमच्या प्रांताचा कारभार तर त्यांच्याच राजाने नेमलेल्या गव्हर्नराच्या हाती होता.

"मग धाकट्याला सोडणार कोण रे?" आईने विचारले.

मी वर्तमानपत्र ओट्यावर आपटले. "ते तिथे कोणी विचारलेच नाही, आई."