शिक्का नसलेल्या बाटल्या

"हे धूसर दिसतंय ना, याला ग्राउंड ग्लास ओपॅसिटी म्हणतात," असं म्हणत डॉक्टरांनी सीटी स्कॅनचा पडदा माझ्याकडे वळवला. घासलेल्या काचेपलीकडचं जसं अस्पष्ट दिसतं, तशी माझी दोन्ही फुप्फुसं खालच्या बाजूला दिसत होती. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आप वेप करती हैं?"

हो म्हणायला मी वेळ लावला. शेजारी माझा नवरा शिरीष उभा होता, पण त्याला सगळं माहीत होतं. त्याच्यापासून लपवायचं काहीच नव्हतं. तरी नाकात ऑक्सिजनची नळी असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस हे लिहून कुणाला देणार आहे?

तुम्ही वेप करत असाल तर ही शंका तुम्हाला कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. मी इंटिरियरची कामं करते, दुबईत अल बर्शाला राहते. कॉलेजपासून सिगारेट ओढत होते. गोळ्या झाल्या, निकोटिनचे पॅच झाले, शेवटी सुटली ती वेपमुळे, म्हणजे ई-सिगारेटमुळे. त्यामुळे वेपला कुणी नावं ठेवली की मला राग यायचा. सिगारेट कोपऱ्यावरच्या दुकानात बिनदिक्कत मिळते, आणि नियमांची चर्चा सगळी आमचीच का?

उन्हाळ्यात आमच्या वेपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरू लागली की फळांचे फ्लेवर बंद होणार, मग सगळंच बंद होणार. बातमी कुठून आली, कुणालाच ठाऊक नव्हतं. भारतात बंदी आहेच, तेव्हा इथेही होईल, असं सगळ्यांना वाटलं. ग्रुप चालवणारे अविनाशदादा म्हणजे ट्रेडिंगमधला जुना माणूस. त्यांनी लिहिलं, "शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गोदामात माल आलाय. नंतर मिळणार नाही. यल्ला, उचला."

मी वेपमध्ये भरायच्या लिक्विडचा खोकाभर साठा आणला. बाटल्यांवर सरकारी शिक्का नव्हता. मला उलट बरंच वाटलं. शिक्का म्हणजे पाळत, असंच मी तेव्हा धरून चालले होते.

नंतर खोकला सुरू झाला. मग ताप, उलट्या. एसीची हवा लागली असेल म्हणत मी साइटवर जात राहिले. एकदा बिल्डिंगच्या लिफ्टपासून दारापर्यंत येतानाच धाप लागली आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. माझी मुलगी रेवा कॉलेजातून आली तेव्हा मी तिथेच होते. "Mumma, your lips are blue," ती म्हणाली आणि तिने शिरीषला फोन लावला.

हॉस्पिटलात तपासण्यांची रांग लागली. फ्लू नाही. कोविड नाही. टीबी नाही. मग ब्रॉन्कोस्कोपी झाली, म्हणजे नळीतून कॅमेरा फुप्फुसापर्यंत नेतात आणि आतलं पाणी तपासायला काढतात. त्यातही जंतू सापडले नाहीत.

"म्हणजे दुसरं काही सापडत नाही म्हणून वेपवर ढकलताय," मी म्हणाले.

डॉक्टर केरळचे होते, आमचं बोलणं हिंदीतच चालायचं. ते चिडले नाहीत. "बरोबर. वेपमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं निदान असंच होतं. बाकी सगळं वगळायचं, मग जे उरतं ते."

"आणि रिपोर्ट कुणाला जाणार?"

"तुम्हाला. इन्शुरन्सला. नियमाप्रमाणे आणखी कुणी मागितला तर त्यांनाही. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

त्यांच्यावर विश्वास बसायला सुरुवात झाली ती या उत्तरामुळे. रेवाने घरून बाटल्या आणल्या. एकाच फ्लेवरच्या, एकाच खोक्यातल्या, पण एक पिवळसर, दुसरी जवळजवळ तपकिरी. डॉक्टरांनी दोन्ही उजेडात धरल्या. "यात काय आहे ते मी सांगू शकत नाही. कुणीच तपासलेलं नाही, हीच तर अडचण आहे."

स्टेरॉइड सुरू झाले, म्हणजे फुप्फुसाची सूज उतरवणारं औषध. हळूहळू ऑक्सिजन कमी करत आणला. एका सकाळी नळीशिवाय बाथरूमपर्यंत चालत गेले, तर फिलिपिनो नर्सने टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं.

घरी आल्यावर बाटल्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचं ठरवलं. आधी अविनाशदादांना फोन केला.

"बरी झालीस, देवाची कृपा," ते म्हणाले. "पण लिहू नकोस, मेधा. स्क्रीनशॉट बाहेर जातो. उद्या हाच पुरावा म्हणून दाखवतील आणि सगळं बंद करतील. मग लोक कुठे जाणार? परत सिगारेटकडेच ना?"

त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ती भीती मलाही आहे, अजूनही. पण बंदी आली की सगळा माल अशाच गोदामांतून येणार, हेही मला दिसत होतं. मी विचारलं, "दादा, त्या गोदामात तुमचा काही वाटा आहे का?"

"तुलाही असंच वाटतं?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. हो की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी फोटो टाकला. काय झालं ते लिहिलं, आणि कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, हेही लिहिलं. थोड्याच वेळात मला ग्रुपमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी, ग्रुपवरचा फोटो बघून, अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'ताई, माझ्याकडे याच बाटल्या आहेत. खोकला जात नाहीये. डॉक्टरला सांगितलं तर ऑफिसात कळेल का?' मी त्याला फोन लावला. मुलगा नाशिकचा, इथे एकटा राहणारा. कळणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण आजच जा. मी येते बरोबर."

संध्याकाळी वेटिंग रूममध्ये मी त्याच्या शेजारी बसले होते. तो सारखा दाराकडे बघत होता. नर्सने नाव पुकारलं तशी तो उठला, दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"ताई, सगळं खरं सांगू?"

"सगळं," मी म्हणाले.