एकाच आईचे मासे

जामबागेतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाईमामा होते. फॉर्मॅलिनमधल्या माशांच्या बरण्या रोज पुसायचे आणि काहीही सांगितलं की "हौ मॅडम" एवढंच म्हणायचे.

देशाचा बाजार खुला झाला, पोरं कॉम्प्युटरकडे धावली आणि आमची खोली कॉम्प्युटर लॅबला द्यायचं ठरलं. मी बरण्या फेकायला सांगितल्या.

"नक्को," मामा म्हणाले. मी चमकलेच.

त्यांनी दोन बरण्या माझ्यासमोर ठेवल्या. "हा मासा आपल्या कर्नाटकातल्या नदीतला, हा मादागास्करचा. एकाच आईचे दिसतात ना? गोड्या पाण्यातले हे. येवढा समुंदर कसा पार केले?"

"तुम्हीच सांगा."

"पार केलेच नाही. जमीन एक होती. ती तुटून सरकली, मासे आपापल्या नदीत राहिले. तुम्हीच शिकवता की! मी दाराबाहेरून ऐकतो."

बारा वर्षं मी त्याच खोलीत तो धडा शिकवत होते आणि त्या दोन बरण्या एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

प्राचार्यांशी भांडून मी एक कपाट राखून घेतलं. कुठला मासा कुणाशेजारी ठेवायचा, ते मामांनी ठरवलं.